टेक्टाइटचा पहिला तुकडा घेण्यापूर्वी: गोव्यातील नवख्या संग्राहकांसाठी मार्गदर्शन

पावसाळा ओसरून गोव्यात पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की हणजुणेचा बुधवारचा बाजार, हडफडे येथील शनिवारचा रात्रबाजार आणि हरमलच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरची दुकाने येथे अंगठ्या, माळा आणि स्फटिकांच्या शेजारी काळ्या किंवा हिरव्या काचेचे ओबडधोबड तुकडे मांडलेले दिसतात. विक्रेते त्यांना कधी टेक्टाइट म्हणतात, कधी मोल्डावाइट, तर कधी सरळ ‘उल्केचा दगड’. त्यांतले काही खरोखरच लाखो वर्षांपूर्वीच्या उल्कापातातून घडलेले असतात आणि बरेचसे नसतात. अस्सल तुकडा घरी यावा असे ज्यांना मनापासून वाटते, पण पारख कशी करावी हे ज्यांना अजून ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातील पायऱ्या क्रमाने वाचाव्यात आणि तिसरी पायरी पूर्ण होईपर्यंत काहीही विकत घेऊ नये, एवढीच सुरुवातीची विनंती.

सगळ्या पायऱ्यांमागचे सूत्र एकच आहे. कोणत्याही एका खुणेवरून टेक्टाइट ओळखता येत नाही. तो कुठे सापडला याची माहिती, बाहेरचे रूप, आतली रचना आणि घनता या चारही गोष्टी एकमेकींशी जुळल्या, तरच तुकडा खरा मानावा.

पहिली पायरी: हा दगड कशाचा आहे ते समजून घ्यावे

टेक्टाइट आकाशातून आलेला नाही. मोठी उल्का प्रचंड वेगाने जमिनीवर आदळते तेव्हा त्या जागेच्या वरच्या थरातील वाळू, माती आणि गाळाचे खडक क्षणार्धात वितळतात, तो वितळलेला रस वातावरणात दूरवर उधळला जातो आणि वाटेतच थंड होऊन काच बनून खाली पडतो. म्हणजे हा दगड पृथ्वीच्याच मातीचा आहे आणि उल्केचा त्यातील वाटा नगण्य असतो. एकेकाळी टेक्टाइट चंद्रावरून आले असावेत असे मानणारे शास्त्रज्ञही होते, परंतु अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रखडकांची घडण टेक्टाइटशी जुळली नाही आणि तो तर्क मागे पडला. पुढे टेक्टाइटमध्ये बेरिलियम-10 हे बेरिलियम या मूलद्रव्याचे किरणोत्सारी रूप (समस्थानिक) आढळले. ते वातावरणात तयार होऊन पावसाबरोबर जमिनीच्या अगदी वरच्या थरात मुरते, त्यामुळे टेक्टाइटचा कच्चा माल पृथ्वीच्या पृष्ठभागावरचाच होता हे पक्के झाले.

ही माहिती केवळ कुतूहलापुरती नाही, बाजारात तिचा थेट उपयोग होतो. ‘हा अंतराळातून पडलेला दगड आहे, त्यात लोखंड आहे, चुंबक लावून पाहा’ असे सांगणारा विक्रेता स्वतःच काय विकतो आहे हे जाणत नसतो. टेक्टाइटमधील लोह काचेत विरघळलेले असते आणि साध्या चुंबकाला ते ओढ दाखवत नाही. चुंबक चिकटला, तर समोरचा तुकडा टेक्टाइट नाही एवढे निश्चित समजावे.

आघाताने तयार झालेली प्रत्येक काच टेक्टाइट नसते, हेही येथेच स्पष्ट करून घेणे बरे. विवरात किंवा त्याच्या कडेला राहिलेल्या काचेला आघातकाच म्हणावे, आणि विवरापासून शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूर फेकल्या गेलेल्या काचेला टेक्टाइट. मराठी वाचकांच्या ओळखीचे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर पहिल्या प्रकारात येते. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकात झालेले असल्यामुळे तेथील आघातकाच बेसाल्टच्याच घडणीची, काळपट आणि मुख्यतः बारीक कणांच्या रूपात आढळते. लोणार हे अभयारण्य आहे, तेथून दगड उचलून आणणे योग्य नाही. ‘लोणारचा टेक्टाइट’ म्हणून कोणी काही विकत असेल, तर नाव आणि उगम दोन्ही चुकीचे आहेत असे समजून पुढे जावे. विवर मात्र आवर्जून पाहावे. आघात म्हणजे काय हे त्याच्या काठावर उभे राहिल्यावर जितके कळते, तितके कोणत्याही वर्णनाने कळत नाही.

दुसरी पायरी: कोणता टेक्टाइट कुठला, हे पाठ करावे

टेक्टाइट जगभर विखुरलेले नाहीत. ते ठरावीक प्रदेशांतच सापडतात आणि प्रत्येक प्रदेश एकेका आघाताशी जोडलेला आहे. नवख्या माणसाला चार मुख्य क्षेत्रे माहीत असली की पुरे.

सर्वांत मोठे आणि सर्वांत तरुण क्षेत्र आशिया-ऑस्ट्रेलियाचे. सुमारे 7 लाख 90 हजार वर्षांपूर्वीच्या आघाताने उधळलेली ही काच दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस, थायलंड, फिलिपीन्स, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया एवढ्या पट्ट्यात सापडते. तिचे सूक्ष्म कण अंटार्क्टिकातील पर्वतांवरही मिळाले आहेत. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा किमान एक दशांश भाग या क्षेत्राने व्यापला आहे, आणि तरीही त्याचे विवर निर्विवादपणे सापडलेले नाही. दक्षिण लाओसमधील बोलावेन पठारावर नंतर पसरलेल्या लाव्हाखाली ते गाडले गेले असावे, असा एक सबळ प्रस्ताव 2020 मध्ये मांडला गेला. बाजारात ‘इंडोचायनाइट’ म्हणून मिळणारे काळे तुकडे याच क्षेत्रातले.

या क्षेत्राशी गोव्याचे एक नाते आहे आणि ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते, याची मला खंत वाटते. मध्य हिंदी महासागराच्या तळातील गाळात याच आघाताचे एक मिलिमीटरहूनही लहान असे काचकण, म्हणजे सूक्ष्मटेक्टाइट, सापडतात, आणि त्यांचा अभ्यास दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केला आहे. समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांमधून त्यांनी हे कण वेगळे काढले, त्यांच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म विवरेसुद्धा तपासली आणि या क्षेत्राचा विस्तार हिंदी महासागरात कुठवर आहे हे दाखवण्यात मोलाची भर घातली. लाओसच्या आसपास कुठेतरी उसळलेली काच आपल्या समुद्राच्या तळापर्यंत पोहोचली आणि तिचा अभ्यास पणजीजवळच्या प्रयोगशाळेत झाला, हे गोमंतकीय संग्राहकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे.

दुसरे क्षेत्र मध्य युरोपचे. जर्मनीतील नॉर्डलिंगन शहर ज्या विवरात वसले आहे, ते रीस विवर सुमारे 24 किलोमीटर व्यासाचे आणि सुमारे 1 कोटी 48 लाख वर्षे जुने आहे. त्या आघाताने उधळलेली हिरवी काच पूर्वेला दोनशे ते साडेचारशे किलोमीटर अंतरावर, मुख्यतः आजच्या चेकियातील दक्षिण बोहेमिया आणि मोराव्हिया या भागांत पडली. हाच मोल्डावाइट. 1786 मध्ये प्राग येथे योझेफ मायर यांनी त्याचे पहिले वर्णन केले, पण तेव्हा तो ज्वालामुखीची काच समजला गेला होता.

तिसरे क्षेत्र आयव्हरी कोस्टचे. त्याचे विवर म्हणजे घानामधील बोसुम्त्वी सरोवर, वय सुमारे 10 लाख 70 हजार वर्षे. चौथे उत्तर अमेरिकेचे, सुमारे साडेतीन कोटी वर्षे जुने, ज्याचे विवर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराखाली गाडलेले आहे. या दोन्ही क्षेत्रांतले टेक्टाइट दुर्मीळ आहेत. गोव्याच्या बाजारात ते कोणी देऊ करत असेल, तर कागदपत्रांशिवाय विश्वास ठेवू नये.

याखेरीज इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातील पिवळी ‘लिबियन वाळवंटी काच’ नेहमी कानावर पडते. तिचे वय सुमारे 2 कोटी 90 लाख वर्षे आहे, ती जवळजवळ शुद्ध सिलिका आहे आणि तिचेही विवर सापडलेले नाही. 1922 मध्ये उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातील एका छातीच्या अलंकारात मधोमध जो पिवळा भुंगा आहे, तो याच काचेतून कोरलेला आहे.

तिसरी पायरी: साहित्य जमवावे

यादी लहान आहे: दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, तेजस्वी पांढऱ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च, लहान चुंबक, शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा खिशातला वजनकाटा, बारीक शिवणाचा दोरा आणि वही. स्वयंपाकघरातला काटा या कामाला चालत नाही, कारण तो एका ग्रॅमच्या खालचा फरक दाखवत नाही. भिंग घेताना वीसपट किंवा तीसपट असे आकडे छापलेली स्वस्त भिंगे टाळावीत. त्यांत कडा धूसर दिसतात आणि बुडबुडे पाहण्यासाठी दहापट भिंगच सोयीचे पडते.

चौथी पायरी: पहिला तुकडा काळाच घ्यावा

मोल्डावाइटचे आकर्षण मी समजू शकतो. तो हिरवा आहे, पारदर्शक आहे आणि त्याच्याविषयी फार बोलले जाते. तरीही सुरुवात थायलंड किंवा व्हिएतनामच्या काळ्या इंडोचायनाइटनेच करावी असा माझा आग्रह आहे. तो विपुल मिळतो, त्याचा भाव मोल्डावाइटच्या मानाने फारच कमी असतो आणि एवढ्या स्वस्त वस्तूची नक्कल करण्यात कोणाला फारसा नफा नसतो. शिवाय टेक्टाइटचे आकार शिकायला त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही. वितळलेला रस हवेत गरगरत असताना पृष्ठताण आणि फिरण्याचा वेग यांच्या ओढाताणीतून गोळा, चकती, डंबेल आणि थेंब असे आकार घडतात. डंबेल मधोमध तुटला की दोन थेंब तयार होतात. हे सगळे आकार इंडोचायनाइटमध्ये एका ताटलीत पाहायला मिळतात.

माझ्याकडील एक थेंबाकृती इंडोचायनाइट डोळ्यांसमोर ठेवून सांगतो, म्हणजे काय पाहायचे ते ध्यानात येईल. साध्या उजेडात तो पूर्ण काळा आणि मंद चकाकीचा दिसतो. सारा पृष्ठभाग उथळ, गोलसर खळग्यांनी भरलेला आहे, पण दोन खळगे सारखे नाहीत, आणि खळग्यांच्या तळाशी लाल मातीचा अंश इतका घट्ट बसला आहे की मऊ ब्रशने धुऊनही तो पुरता निघालेला नाही. शेपटीकडच्या टोकाला खळगे लांबट होऊन एकाच दिशेने वळतात. त्या टोकाची पातळ कड टॉर्चच्या थेट उजेडावर धरली की काळेपणा नाहीसा होतो आणि कड तपकिरी उजळते. भिंगातून पाहिले तर टवका उडालेल्या एका जागी शिंपल्यासारखी वळणदार भंगरेषा आणि तिच्याखाली दबलेले, ओढलेले बुडबुडे दिसतात. या साऱ्या खुणा एकत्र आल्या म्हणून तो पटतो. यांतली एकच खूण असती, तर पटला नसता.

खळग्यांविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हवेतून जळत येताना हे खळगे पडले असे जवळजवळ प्रत्येक विक्रेता सांगतो. वस्तुतः बहुतेक टेक्टाइटवरचे खळगे आणि चर हे जमिनीत लाखो वर्षे पडून राहिल्यावर मातीतल्या पाण्याने व आम्लांनी काच हळूहळू कोरल्यामुळे झालेले आहेत. वातावरणातून परतताना पुन्हा वितळण्याच्या खऱ्या खुणा काही ऑस्ट्रेलियन टेक्टाइटवर दिसतात. त्यांचा आकार बटणासारखा असतो आणि भोवती वितळून मागे वळलेल्या काचेची कड असते. असे एक बटण चार्ल्स डार्विन यांच्याही हाती आले होते आणि 1844 मध्ये त्यांनी त्याचे वर्णन ज्वालामुखीतून उडालेला गोळा म्हणून केले. त्या काळी उपलब्ध माहितीनुसार तो निष्कर्ष साहजिक होता.

पाचवी पायरी: दुकानात काय पाहावे, काय विचारावे

रात्रबाजारात दगड पाहावा, पण विकत घेऊ नये. रंगीत दिव्यांखाली हिरवी काच अधिक हिरवी दिसते आणि काळ्या काचेची पातळ कड नीट तपासता येत नाही. शक्य असेल तर त्याच विक्रेत्याकडे दिवसा जावे.

विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ‘हा कुठे सापडला?’ असे विचारावे आणि उत्तर देशाच्या नावावर थांबले तर पुढे जिल्हा किंवा गाव विचारावे. जाणकार विक्रेता मोल्डावाइटच्या खाणीच्या गावाचे नाव सांगतो आणि न आठवल्यास तसे कबूल करतो. ‘तिबेट’, ‘हिमालय’ किंवा ‘आकाश’ ही उत्तरे मिळाली, तर नमस्कार करून निघावे. दुसरा प्रश्न असा की, बिलावर दगडाचे नाव, वजन आणि उगम लिहून मिळेल का. लेखी द्यायला जो कचरतो, त्याच्याशी घासाघीस करून स्वस्तात घेण्यात काहीही अर्थ नाही.

चक्र, ऊर्जा, भाग्योदय यांविषयीची वर्णने ऐकून घ्यावीत, परंतु त्यांचा दगडाच्या खरेपणाशी संबंध नसतो आणि किमतीशी तर मुळीच नसावा. ‘अग्निमणी’ या आकर्षक नावाने जे दगड विकले जातात, ते इंडोनेशियातील, म्हणजे पहिल्याच क्षेत्रातले काळे टेक्टाइट होत. नाव बदलल्याने वस्तू निराळी होत नाही, म्हणून भावही निराळा देऊ नये. ‘सॅफोर्डाइट’ आणि ‘कोलंबियानाइट’ या नावांचे गोटे तर टेक्टाइटच नव्हेत. ते ज्वालामुखीच्या काचेचे, म्हणजे ऑब्सिडियनचे मानले जातात.

सहावी पायरी: मोल्डावाइट असेल तर अधिक कसून पाहावे

समाजमाध्यमांवर 2021 च्या सुमारास मोल्डावाइटची लाट उसळली आणि तेव्हापासून बनावट तुकड्यांचा महापूर आला आहे. खरा मोल्डावाइट ठरावीक प्रदेशातल्या वाळू-रेतीच्या थरांतूनच निघतो, त्याचा साठा मर्यादित आहे. पेटीभर तेजस्वी हिरवे तुकडे किलोच्या भावात कोणी दाखवत असेल, तर ते काय असावेत हे वेगळे सांगायला नको.

किनाऱ्यालगतच्या एका दुकानात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, माझ्यासमोर असाच एक ट्रे ठेवला गेला. तुकडे सुंदर होते. दोन तुकडे शेजारी धरून पाहिले तेव्हा दोघांच्याही डाव्या कडेवर एकाच जागी तीच तिरपी घडी आणि तिच्याखाली तोच खळगा होता. निसर्ग साचा वापरत नाही. म्हणून ट्रेमध्ये एकाहून अधिक तुकडे असतील, तर प्रत्येकाकडे स्वतंत्र पाहण्याऐवजी जोड्या लावून पाहाव्यात. बनावट उघडे पाडण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे आणि तिला भिंगसुद्धा लागत नाही.

त्यानंतर चकाकी पाहावी. साच्यात ओतून आम्लाने खरवडलेली काच नुकतीच पाण्यातून काढल्यासारखी ओली चमकते आणि तिचे खळगे उथळ, बोथट असतात. खऱ्या मोल्डावाइटची शिल्पाकृती खोल असते, चरांच्या कडा धारदार असतात आणि चकाकी जागोजागी कमी-जास्त असते. रंग बहुधा किंचित तपकिरी झाक असलेला हिरवा असतो, फार भडक हिरवा संशयास्पद मानावा.

मग आत पाहावे, कारण खरी साक्ष आतच आहे. टॉर्च दगडाच्या मागे धरून भिंगातून पाहिले की खऱ्या मोल्डावाइटमध्ये तीन गोष्टी दिसायला हव्यात. पहिली, गोल आणि लांबट असे दोन्ही प्रकारचे बुडबुडे. दुसरी, साखरेचा पाक पाण्यात सोडल्यावर जशा लहरी उठतात तशा प्रवाहाच्या वळणदार रेषा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पिळवटलेल्या तारांसारखे किंवा वळवळणाऱ्या किड्यांसारखे रंगहीन धागे. हे धागे लेशातेलिराइटचे, म्हणजे शुद्ध सिलिका काचेचे असतात. वाळूतला क्वार्ट्झचा कण वितळायला सुमारे 1700 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. ज्वालामुखीचा लाव्हा तितका तापत नाही आणि बाटल्यांच्या काचकारखान्यात इतर द्रव्ये मिसळून तितक्या तापमानाची गरजच टाळली जाते. आघाताच्या क्षणी मात्र तापमान त्याच्याही पुढे जाते, क्वार्ट्झचे कण वितळतात, पण भोवतालच्या रसात पुरते मिसळण्यापूर्वीच सारे गोठून जाते. म्हणून हे धागे मागे राहतात. बनावट काचेत बहुतेक वेळा केवळ गोल बुडबुडे दिसतात. धागे दिसले नाहीत म्हणून तुकडा खोटाच असे नव्हे, लहान तुकड्यात ते नसूही शकतात. पण नवख्या माणसाने धागे स्पष्ट दिसणारा तुकडाच निवडावा.

सातवी पायरी: घरी घनता मोजावी

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि तीच सर्वांत खात्रीशीर आकडा देते. प्रथम कोरड्या दगडाचे वजन घ्यावे. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असा हाताने टांगून धरावा. त्या वेळी काटा जो आकडा दाखवतो, तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच घनसेंटिमीटरमध्ये दगडाचे आकारमान. पहिल्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते.

उदाहरणार्थ, हिरव्या तुकड्याचे कोरडे वजन 6.40 ग्रॅम आहे आणि पाण्यात टांगल्यावर काटा 2.72 दाखवतो. भागाकार 2.35 येतो आणि मोल्डावाइटची घनता 2.32 ते 2.38 च्या दरम्यान असते, म्हणजे आकडा जुळतो. तेवढ्याच वजनाच्या बाटलीच्या काचेला काटा सुमारे 2.56 दाखवील आणि घनता 2.50 येईल. फरक अवघ्या 16 शतांश ग्रॅमचा आहे, म्हणूनच शतांश दाखवणारा काटा हवा. तुकडा निदान पाच ग्रॅमचा असावा. एखाद्या ग्रॅमच्या तुकड्यात काट्याच्या एका शतांशाच्या चुकीने उत्तर इतके हलते की निष्कर्ष काढता येत नाही. खळग्यांत हवेचे बुडबुडे अडकून राहतात, तेव्हा पाण्यात द्रव साबणाचा एक थेंब टाकावा, दगड ब्रशने ओला करून घ्यावा आणि मापन तीनदा करून सरासरी काढावी. अंगठीत किंवा लॉकेटमध्ये बसवलेल्या दगडाची घनता अशी मोजता येत नाही, आणि पहिला तुकडा सुटाच घ्यावा असे म्हणण्याचे तेही एक कारण आहे.

लिबियन वाळवंटी काचेच्या बाबतीत ही चाचणी आणखी बोलकी ठरते. तिची घनता सुमारे 2.2 असते, त्यामुळे पिवळी साधी काच लगेच उघडी पडते. काळ्या तुकड्यांच्या बाबतीत मात्र मर्यादा ओळखावी. इंडोचायनाइट साधारण 2.4 च्या आसपास आणि ऑब्सिडियनही तेथेच, त्यामुळे घनतेवरून या दोघांत फरक करता येत नाही. तेथे पातळ कडेचा रंग, आकार आणि आतली रचना यांवर भर द्यावा. ऑब्सिडियनची पातळ कड बहुधा धुरकट राखाडी दिसते आणि आत सूक्ष्म स्फटिक असतात, जे टेक्टाइटमध्ये नसतात. ऑब्सिडियनमध्ये पाण्याचा अंश टेक्टाइटच्या कितीतरी पट असतो, म्हणून तापवल्यावर ते फेसाळते आणि टेक्टाइट फेसाळत नाही. काही जण गॅसच्या ज्योतीवर हा प्रयोग करतात. कृपया करू नये, काच फुटून डोळ्यात जाऊ शकते आणि खरा तुकडाही वाया जातो.

गोव्याच्या जमिनीवर काय सापडते

किनाऱ्यावर किंवा शेतात काळा, चकाकणारा गोटा सापडला की तो टेक्टाइट असावा अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. गोव्याच्या जमिनीवर टेक्टाइट सापडतील अशी अपेक्षा धरू नये. येथे जे सापडते ते ओळखणे सोपे आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यांतून आणि तेथून लोहखनिज वाहून नेणाऱ्या वाटांवर हेमाटाइटचे गुळगुळीत काळे गोटे मिळतात. ते हाताला चटकन जड लागतात, घनता पाचच्या घरात असते आणि फरशीच्या खरबरीत पाठीवर घासले की तांबडी रेघ उमटते. टेक्टाइट अशी रंगीत रेघ सोडत नाही. लोखंडाच्या भट्टीतली मळी अधिक फसवी असते, कारण ती खरोखरच काच असते, काळी, हिरवी किंवा निळसर आणि प्रवाहाच्या रेषा असलेली. रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या भरावातून ती दूरवर जाते. तिच्यात भरपूर फुगे असतात, तुटल्या जागी कधी लोखंडाचे बारीक मणी दिसतात आणि तेथे चुंबक चिकटतो. समुद्राने घासून दुधाळ केलेले बाटल्यांचे तुकडे तर प्रत्येक किनाऱ्यावर आहेत. ते गोळा करण्याचा आनंद वेगळा, त्यांना टेक्टाइटच्या पेटीत जागा देऊ नये.

आठवी पायरी: महाग तुकडा प्रयोगशाळेत दाखवावा

ज्या तुकड्यासाठी मोठी रक्कम मोजायची आहे, तो आधी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, किंवा परीक्षण विरुद्ध आल्यास पैसे परत मिळतील असे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. मुंबईत अशा प्रयोगशाळा आहेत. तेथे वक्रीभवनांक, म्हणजे काचेत शिरताना प्रकाश किती वळतो याचा आकडा, मोजतात. मोल्डावाइटचा तो 1.48 ते 1.51 असतो, साध्या काचेचा बहुधा 1.52 च्या आसपास. सूक्ष्मदर्शकाखाली धागेही पाहतात आणि गरज पडल्यास अवरक्त किरणांनी पाण्याचे प्रमाण तपासतात. अहवालात ‘नैसर्गिक काच’ एवढेच लिहून येऊ शकते, कारण ऑब्सिडियनही नैसर्गिक काचच आहे. म्हणून तुकडा देतानाच ‘टेक्टाइट आहे की नाही, याचा स्पष्ट उल्लेख हवा’ असे अर्जावर लिहावे.

नववी पायरी: नोंद आणि जतन

घरी आलेल्या प्रत्येक तुकड्याला त्याच दिवशी क्रमांक द्यावा आणि वहीत उगम, वजन, घनता, खरेदीचे ठिकाण, तारीख व दिसलेल्या खुणा लिहाव्यात. उगमाची नोंद हरवलेला टेक्टाइट संग्राहकाच्या दृष्टीने अर्धा हरवलेलाच असतो, कारण दोन क्षेत्रांतले काळे तुकडे नुसत्या डोळ्यांनी नेहमी वेगळे ओळखता येत नाहीत. गोव्याच्या पावसाळ्यात कागदी चिठ्ठ्यांना बुरशी येते आणि शाई पसरते, त्यामुळे चिठ्ठी पेन्सिलीने लिहून झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी आणि पुडी दर पावसाळ्यापूर्वी बदलावी. दमट हवेचा काचेला त्रास नाही, पण चांदीत बसवलेल्या मोल्डावाइटची चांदी खाऱ्या वाऱ्याने लवकर काळवंडते.

दगड कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनीच धुवावा. खळग्यांत बसलेली माती सुईने कोरून काढू नये, ती उगमाची साक्ष आहे. दागिने धुण्याचे कंपनयंत्र वापरू नये, आत ताण असलेली काच त्यात तडकू शकते. उकळते पाणी आणि लगोलग थंड पाणी हेही टाळावे. टेक्टाइट क्वार्ट्झपेक्षा मऊ असल्यामुळे स्फटिकांच्या पेटीत एकत्र टाकला तर त्यावर ओरखडे पडतात, आणि दोन टेक्टाइट एकमेकांवर आपटले तर धारदार कडांचे टवके उडतात. म्हणून प्रत्येकाला कापूस घातलेला वेगळा कप्पा द्यावा आणि कप्प्यावरचा क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी जुळतो आहे ना, हे दगड बाहेर काढून परत ठेवताना दर वेळी पाहून घ्यावे.